‘डिस्कस’ आणि ‘डिस्कशन’ : ‘अबाउट’ नेमके कुठे हवे?

प्रश्न (सांगली)

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत पेढी आहे आणि परराज्यांतील व्यापाऱ्यांशी होणारा इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. गेल्या आठवड्यात एका पत्राच्या मसुद्यात मी ‘वी डिस्कस्ड अबाउट द रेट’ असे लिहिले होते. समोरच्या खरेदीदारांनी मसुदा परत पाठवताना त्यातले ‘अबाउट’ खोडले. परंतु त्याच पत्रात खाली ‘आफ्टर अवर डिस्कशन अबाउट द रेट’ असे होते, तिथले ‘अबाउट’ मात्र त्यांनी राहू दिले. अर्थ एकच, शब्दही जवळजवळ एकच, तरी एका ठिकाणी ते चालते आणि दुसऱ्या ठिकाणी चालत नाही, याचे कारण काय असावे? पाठांतराखेरीज धरायला काही आधार आहे का?

उत्तर (सातारा)

ताई, खरेदीदारांनी खोडले तेही बरोबर आणि ठेवले तेही बरोबर. ‘डिस्कस’ हे सकर्मक क्रियापद आहे, त्यामुळे ते आपले कर्म थेट घेते. ‘डिस्कशन’ हे नाम आहे आणि नामाला कर्म घेता येत नाही, म्हणून त्याला दुसऱ्या नामाशी जोडण्यासाठी मध्ये एक दुवा लागतो. इंग्रजी व्याकरणाच्या बाजूने उत्तर एवढेच आहे. मात्र आपल्याकडून ही चूक का होते, हे समजायचे असेल तर मराठीकडे पाहावे लागते, आणि इतकी वर्षे हायस्कुलात इंग्रजी शिकवल्यावर मला हाच भाग अधिक महत्त्वाचा वाटतो.

आपण मराठीत ‘दराविषयी चर्चा केली’ असे म्हणतो. यात खरा अर्थ ‘चर्चा’ या नामात आहे आणि ‘करणे’ हे नुसते आधाराला आहे. ‘विषयी’ हे शब्दयोगी अव्यय त्या नामाच्या ओढीने आलेले असते. मराठीतली असंख्य क्रियापदे अशी नाम अधिक ‘करणे’ किंवा ‘देणे’ या घडणीची आहेत, त्यामुळे इंग्रजी बोलताना आपल्या मनात आधी नाम उभे राहते आणि त्याच्या मागचे अव्यय इंग्रजी क्रियापदाला चिकटते. शत्रूवर हल्ला केला, म्हणून ‘अटॅक्ड ऑन द एनिमी’. गुणवत्तेवर भर दिला, म्हणून ‘इम्फसाइज्ड ऑन क्वालिटी’. त्याच्याशी लग्न केले, म्हणून ‘मॅरीड विथ हिम’. यातली नामे घेतली तर अव्यय लगेच बरोबर ठरते : ‘ॲन अटॅक ऑन द एनिमी’, ‘इम्फसिस ऑन क्वालिटी’. तुमच्या पेढीवरचे ‘अ रिक्वेस्ट फॉर पेमेंट’ आणि ‘ॲन ऑर्डर फॉर 50 बॅग्ज’ हेही तसेच. क्रियापद आले की ‘वी रिक्वेस्टेड पेमेंट’, ‘दे ऑर्डर्ड 50 बॅग्ज’ असे सरळ लिहावे.

तुम्ही विचारलेला आधार मराठीतच सापडतो. ‘चर्चा करणे’ याच्या शेजारी आपल्याकडे ‘चर्चिणे’ हे क्रियापद आहे. ते आज बोलण्यात फारसे येत नाही, पण ‘बैठकीत हा विषय चर्चिला गेला’ असे अजूनही लिहिले जाते, आणि तिथे ‘विषयी’ कोणी घालत नाही. ‘प्रसंगाचे वर्णन केले’ पण ‘प्रसंग वर्णिला’. ‘रकमेची मागणी केली’ पण ‘रक्कम मागितली’. ‘डिस्कस’ म्हणजे चर्चिणे, ‘डिस्क्राइब’ म्हणजे वर्णिणे आणि ‘डिमांड’ म्हणजे मागणे, अशी जोडी मनाशी बांधली तर ‘डिस्कस अबाउट’, ‘डिस्क्राइब अबाउट’ आणि ‘डिमांड फॉर’ ही तिन्ही आपोआप गळून पडतात. साताऱ्यातल्या अनेक विद्यार्थ्यांना मी याच वाटेने नेले आहे, आणि नुसत्या याद्या पाठ करणाऱ्यांपेक्षा त्यांच्या चुका लवकर कमी झाल्या, असा माझा अनुभव आहे.

ही वाट सगळीकडे नेत नाही, हेही सांगितले पाहिजे. इंग्रजीत ‘आन्सर’ हे क्रियापद थेट कर्म घेते, पण त्याच अर्थाच्या ‘रिप्लाय’ला ‘टू’ लागते : ‘आय आन्सर्ड युवर लेटर’, परंतु ‘आय रिप्लाइड टू युवर लेटर’. ‘अवेट’ला काही नको, ‘वेट’ला ‘फॉर’ हवे. ‘रीच’ला काही नको, ‘अराइव्ह’ला ‘ॲट’ किंवा ‘इन’ हवे. आपण ‘साताऱ्याला पोहोचलो’ म्हणतो, त्या ‘ला’मुळे ‘द ट्रक रीच्ड टू सातारा’ असे लिहिले जाते. ते ‘द ट्रक रीच्ड सातारा’ किंवा ‘अराइव्ह्ड इन सातारा’ असे हवे.

हा ‘ला’ प्रत्यय वेगळ्या विचाराची गोष्ट आहे, कारण मराठीत तो फार कामे एकटा करतो. ‘मला सांगा’, ‘मला विचारा’, ‘मला समजावून सांगा’, ‘मला म्हणाला’ या चारही ठिकाणी आपला ‘मला’ एकच आहे. इंग्रजीत ‘टेल मी’ आणि ‘आस्क मी’ यांत काही लागत नाही, तर ‘एक्सप्लेन टू मी’ आणि ‘सेड टू मी’ यांत ‘टू’ लागते. म्हणून ‘प्लीज एक्सप्लेन मी द रेट’ हे वाक्य मराठी कानाला निर्दोष वाटते, पण ते ‘प्लीज एक्सप्लेन द रेट टू मी’ असेच हवे. ‘सजेस्ट’चेही तसेच आहे. इथे मात्र पाठांतराला पर्याय नाही. क्रियापद वहीत एकटे लिहू नये, त्याच्या अव्ययासह आणि एका पूर्ण वाक्यासह लिहावे.

उलट बाजूची चूक थोडक्यात सांगतो. मराठीत गाणी ऐकतो आणि नमुना पाहतो, मध्ये काही लागत नाही. इंग्रजीत ‘लिसन टू’ आणि ‘लुक ॲट’ यांतले अव्यय सुटले तर वाक्य अपुरे राहते.

पुन्हा प्रश्न (सांगली)

सर, ‘चर्चिणे’चा आधार पक्का बसला. मात्र पत्राच्या शेवटी आम्ही वर्षानुवर्षे ‘वी लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ लिहीत आलो आहोत, तेही खरेदीदारांनी ‘हिअरिंग’ असे केले आहे. ‘टू’नंतर मूळ क्रियापद येते, असे आम्हाला शाळेत शिकवले होते. शिवाय ‘कॉल ऑफ’सारख्या शब्दांत हेच नियम लागतात का?

उत्तर (सातारा)

‘वॉन्ट टू हिअर’ यातला ‘टू’ क्रियापदाच्या रूपाचा भाग आहे. ‘लुक फॉरवर्ड टू’ यातला ‘टू’ खरे शब्दयोगी अव्यय आहे. ओळखायचे असेल तर त्याच्यापुढे साधे नाम ठेवून पाहावे : ‘वी लुक फॉरवर्ड टू युवर रिप्लाय’ हे वाक्य नीट उभे राहते, ‘वी वॉन्ट टू युवर रिप्लाय’ हे राहत नाही. जिथे नाम उभे राहते तिथे क्रियापद ‘इंग’ लावूनच येते. मराठीला हे नवीन नाही. आपणही ‘वर’ किंवा ‘साठी’ मूळ धातूला थेट लावत नाही, आधी ‘देणे’चे सामान्यरूप ‘देण्या’ करतो आणि मग ‘देण्यावर’ म्हणतो. ‘तो रोख देण्यावर अडून बसला’ आणि ‘ही इन्सिस्टेड ऑन पेइंग कॅश’ ही वाक्ये शेजारी ठेवा. आपला ‘ण्या’ जे काम करतो, तेच तिथे ‘इंग’ करतो.

‘कॉल ऑफ’ मात्र वेगळ्या जातीचे आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत अशा जोडक्रियापदांचा मुद्दाम उल्लेख केला आहे आणि परभाषकांना सर्वांत मोठी अडचण त्यांचीच येते, असे म्हटले आहे. इथे ‘ऑफ’ हा शब्द पुढच्या नामाचा नसून क्रियापदाचाच तुकडा असतो, जसा ‘खाऊन टाकले’ यातला ‘टाकले’ हा फेकण्याचा अर्थ सोडून ‘खाणे’ पुरे करायला येतो. म्हणून तो जागा बदलू शकतो : ‘दे कॉल्ड ऑफ द डील’ चालते, ‘दे कॉल्ड द डील ऑफ’ही चालते आणि सर्वनाम आले तर ते मध्येच बसवावे लागते, ‘दे कॉल्ड इट ऑफ’. याउलट ‘कॉल ऑन’ म्हणजे भेटीला जाणे. तिथे ‘ऑन’ पुढच्या नामाचे असल्याने ‘वी कॉल्ड ऑन हिम’ हाच क्रम राहतो. बोलताना फरक कानालाही कळतो, कारण ‘कॉल इट ऑफ’मध्ये आघात ‘ऑफ’वर पडतो आणि ‘कॉल ऑन हिम’मध्ये तो ‘कॉल’वर राहतो.

पुन्हा प्रश्न (सांगली)

एक शेवटची शंका. मालाच्या यादीच्या वर आम्ही ‘द कन्साइनमेंट कम्प्रायझेस ऑफ 200 बॅग्ज’ असे छापून घेतले आहे. हे बरोबर आहे ना?

उत्तर (सातारा)

नाही. ‘कम्प्राइज’ थेट कर्म घेते, ‘कन्सिस्ट’ला ‘ऑफ’ लागते, आणि या दोघांची मिसळ फार ठिकाणी होते. पुढच्या छपाईच्या वेळी ‘कन्सिस्ट्स ऑफ 200 बॅग्ज’ करून घ्या. सध्याच्या कागदांवर नुसते ‘ऑफ’ खोडले तरी वाक्य शुद्ध होते.