पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन गेलेल्या आरोपीचे प्रत्यार्पण होऊ शकते का?

डिचोलीकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या वाड्यावरील सात-आठ कुटुंबांनी ओळखीच्या एका गृहस्थाकडे ठेवी ठेवल्या होत्या. माझ्या आईने निवृत्तीच्या पैशांतून चार लाख रुपये दिले. फिकट हिरव्या कागदावरची, निळ्या शिक्क्याची ती पावती ती अजूनही देव्हाऱ्याच्या खणात ठेवते. २०२१ साली ते गृहस्थ निघून गेले. आजोबांचा आणि वडिलांचा गोव्यातील पोर्तुगीज राजवटीतला जन्म लिस्बनला नोंदवून त्यांनी आधीच पोर्तुगीज पासपोर्ट केला होता, हे आम्हांला नंतर समजले. गुन्हा नोंद झाला आहे, आरोपपत्रही दाखल झाले आहे. पण "तो आता पोर्तुगालचा नागरिक, त्याला आणता येणार नाही" असे आम्हांला तोंडी सांगण्यात आले.

हे खरे आहे का? अबू सालेमला पोर्तुगालहून आणता आले, मग याला का नाही? दोन देशांत करार असला म्हणजे माणूस परत मिळतोच, असा आमचा समज होता. कृपया कोणी नीट समजावून सांगावे.

पणजीचा फौजदारी वकील

आधी एक गैरसमज दूर करतो. करार हा दोन राज्यसत्तांमधला शब्द असतो. त्यामुळे विनंती करण्याचा मार्ग मोकळा होतो, माणूस आपोआप हाती येत नाही. तो माणूस ज्या भूमीवर उभा आहे, तिथले न्यायालय तिथल्या कायद्याने निर्णय देते. म्हणून आपल्या प्रकरणात पासपोर्ट कोणता, यापेक्षा तो माणूस आज नेमका कुठे राहतो, हा प्रश्न आधी सुटायला हवा. आपल्या पत्रात त्याचाच उल्लेख नाही.

आपल्याकडचा कायदा म्हणजे प्रत्यार्पण अधिनियम, १९६२. त्याचा बराचसा भाग, दुसऱ्या देशाला हवा असलेला माणूस भारतात सापडला तर काय करायचे, याविषयी आहे: केंद्र सरकारकडे विनंती येते, सरकार दंडाधिकाऱ्यांना चौकशीचा आदेश देते, दंडाधिकारी प्रथमदर्शनी पुरावा आहे का आणि गुन्हा राजकीय स्वरूपाचा तर नाही ना हे तपासतात, आणि शेवटचा निर्णय पुन्हा सरकारचा असतो. आपल्याला उलट दिशेने जायचे आहे. तपास अधिकारी प्रस्ताव तयार करतात, तो राज्याच्या गृहखात्यामार्फत दिल्लीला जातो, आणि परराष्ट्र मंत्रालय राजनैतिक मार्गाने त्या देशाला विनंती पाठवते. पोलीस ठाण्यातून थेट लिस्बनला पत्र जात नाही. इंटरपोलची रेड नोटीस निघाली तरी ती स्वतः प्रत्यार्पणाचा आदेश नसते. माणूस शोधण्यासाठी आणि तात्पुरत्या अटकेसाठी तिचा उपयोग होतो.

हद्दपारी आणि प्रत्यार्पण यांतही गल्लत करू नये. परकीय नागरिकाला देशाबाहेर काढणे हा त्या त्या सरकारचा स्वतःचा अधिकार आहे. प्रत्यार्पण दुसऱ्या देशाच्या मागणीवरून होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली हान्स म्युलर प्रकरणात हा भेद स्पष्ट केला आहे.

मूळचा म्हापशाचा, सध्या लिस्बन

पोर्तुगालपुरते मी सांगतो, कारण अनुवादाच्या कामानिमित्त इथल्या न्यायालयीन कागदांशी माझा रोजचा संबंध येतो.

अबू सालेम पोर्तुगीज नागरिक नव्हता, हा पहिला फरक. तो सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बनमध्ये पकडला गेला, तेव्हा भारत-पोर्तुगाल प्रत्यार्पण करारच नव्हता. हा करार जानेवारी २००७ मध्ये झाला. परस्परतेच्या, म्हणजे तुमच्या विनंतीलाही आम्ही असाच प्रतिसाद देऊ अशा, हमीवर आणि तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांच्या डिसेंबर २००२ च्या लेखी आश्वासनावर ते प्रत्यार्पण झाले: फाशी नाही आणि २५ वर्षांहून अधिक कैदही नाही. या आश्वासनामागे इथला फार जुना विचार आहे. पोर्तुगालने सामान्य गुन्ह्यांसाठी देहदंड १८६७ साली रद्द केला, पुढे १८८४ मध्ये जन्मठेपही गेली, आणि आज कैदेची कमाल मर्यादा २५ वर्षे आहे. त्याला नोव्हेंबर २००५ मध्ये भारतात आणले गेले. भारताचे सर्वोच्च न्यायालयही ११ जुलै २०२२ च्या निकालात म्हणाले की दिलेला शब्द सरकारने पाळलाच पाहिजे.

त्याच प्रकरणात दुसराही धडा आहे. ज्या गुन्ह्यांसाठी माणूस सोपवला, त्यांच्याखेरीज इतर गुन्ह्यांसाठी त्याच्यावर खटला चालवायचा नाही, असे विशिष्टतेचे तत्त्व आहे; आपल्या अधिनियमाच्या कलम २१ मध्येही ते आहे. भारतात आणखी आरोप जोडले गेले, तेव्हा इथल्या, म्हणजे पोर्तुगालच्या, न्यायालयांनी शर्तभंग झाल्याचे सांगून प्रत्यार्पणाची परवानगीच रद्द ठरवली. २०१३ मध्ये ते जादा आरोप मागे घेण्यास भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मुभा दिली. म्हणून विनंतीत कोणती कलमे घालायची, हे पहिल्याच दिवशी विचारपूर्वक ठरवावे लागते.

आता आपल्या गृहस्थांविषयी. पोर्तुगालच्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ नुसार स्वतःच्या नागरिकाचे प्रत्यार्पण फक्त दहशतवाद किंवा आंतरराष्ट्रीय संघटित गुन्हेगारीच्या प्रकरणांत, आणि तेही आंतरराष्ट्रीय करारात परस्परता असेल व न्याय्य खटल्याची हमी असेल तरच होऊ शकते. ठेवीदारांची फसवणूक त्यात बसवणे मला अतिशय कठीण वाटते. ते गृहस्थ खरोखर पोर्तुगालमध्ये असतील, तर आपल्याला मिळालेले तोंडी उत्तर बहुतांशी बरोबर आहे. परंतु वाट तिथे संपत नाही. नागरिकाला सोपवता येत नसेल, तर परदेशात केलेल्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर इथेच खटला चालवण्याची तरतूद पोर्तुगीज दंडसंहितेच्या अनुच्छेद ५ मध्ये आहे. त्यासाठी भारताने पुरावा पाठवला पाहिजे.

डिचोलीकर

आपणा दोघांचे आभार. ते पोर्तुगालमध्ये फार दिवस राहिले नाहीत, असे आता कळते. वाड्यावरील एका मुलाने त्यांना इंग्लंडमध्ये स्विंडनला पाहिले आहे. तिथेही पोर्तुगीज नागरिकत्व आड येईल का?

पणजीचा फौजदारी वकील

नाही, आणि ही आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. ब्रिटन स्वतःच्या नागरिकांचेही प्रत्यार्पण करते. पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे राहणाऱ्याला नागरिकत्वाची ढाल मिळत नाही. युरोपीय संघातील देशांना, दुसऱ्या सदस्य देशाच्या नागरिकाला बाहेरच्या देशाकडे सोपवण्यापूर्वी त्याच्या मायदेशाला कळवावे लागते; संघातून बाहेर पडल्यावर ते बंधन ब्रिटनवर राहिलेले नाही.

भारत आणि ब्रिटन यांचा करार १९९२ चा आहे. दोन्ही देशांत किमान एक वर्षाच्या कैदेला पात्र असा गुन्हा हवा. फसवणुकीचे जुने कलम ४२० सात वर्षांपर्यंतच्या कैदेचे असल्याने ही अट सहज पूर्ण होते. तिथे गृहमंत्र्यांच्या कार्यालयाचे प्रमाणपत्र, मग वेस्टमिन्स्टर दंडाधिकारी न्यायालय, मग पुन्हा गृहमंत्री, आणि त्यावर उच्च न्यायालयात अपील, असा क्रम आहे. काही देशांना प्रथमदर्शनी पुरावा दाखवण्यातून सूट आहे. भारताला ती नाही. म्हणजे आरोपपत्राची प्रत पुरत नाही, पैसा कोणाकडून कोणाकडे गेला हे कागदांनी दाखवावे लागते.

शिवाय तुरुंगाचा प्रश्न असतो: परत पाठवलेल्या माणसाला तिथे माणुसकीने ठेवले जाईल का, हे ब्रिटनचे न्यायालय पाहते. विजय मल्ल्या प्रकरणात मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातील बारा क्रमांकाच्या बराकीचे चित्रीकरण न्यायाधीशांनी मागवून पाहिले होते. नीरव मोदीच्या बाबतीत कोठडीत माणसामागे तीन चौरस मीटर जागा मिळेल, अशी हमी द्यावी लागली. आपल्या प्रकरणात गोव्यातील कोलवाळच्या कारागृहाविषयी असेच प्रश्न येतील, आणि त्यांची उत्तरे राज्य सरकारलाच लेखी द्यावी लागतील. वेळ लागतो, हे मी लपवत नाही: मल्ल्याविरुद्धचा दंडाधिकारी न्यायालयाचा निकाल डिसेंबर २०१८ चा, अपील फेटाळले गेले एप्रिल २०२० मध्ये, आणि तरीही प्रत्यक्ष पाठवणी लांबली.

निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, फोंडा

माझ्या नोकरीत अशी दोन-तीन बंडले हातांखालून गेली. प्रस्ताव अडतात ते बहुधा कायद्यामुळे नव्हे, तर कागदांमुळे. आरोपीचे नाव एका ठिकाणी एक आणि पासपोर्टवर पोर्तुगीज वळणाने दुसरेच, वडिलांच्या नावाचे स्पेलिंग निराळे, वॉरंटवरची तारीख पुसट, साक्षीदाराचा मराठी किंवा कोंकणी जबाब आणि त्याचे इंग्रजी भाषांतर जुळत नाही. माणूस तोच आहे, हे तिथल्या न्यायाधीशांना पटले नाही तर पुढचे सगळे व्यर्थ जाते.

तेव्हा आपण सर्व ठेवीदारांनी मिळून तपास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा. स्विंडनची माहिती कोणी, कधी दिली ते त्यात लिहावे, न्यायालयाकडून अजामीनपात्र वॉरंट घेण्याची आणि प्रत्यार्पणाचा प्रस्ताव पाठवण्याची विनंती करावी, आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. ठेवीदारांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा लागू करून त्यांची इथली मालमत्ता जप्त करण्याची मागणीही स्वतंत्रपणे करावी. माणूस यायला कितीही वर्षे लागोत, घर आणि जमीन इथेच आहे. आईंची मूळ पावती मात्र तशीच हातात सोपवू नका. पंचनामा करूनच द्या आणि साक्षांकित प्रत घरी ठेवा.

डिचोलीकर

देव बरें करूं. सहा कुटुंबांच्या सह्या झाल्या आहेत, दोघांच्या उद्या होतील. पावतीवर त्यांनी पासपोर्टवरचे नव्हे, तर घरचे नाव लिहिले आहे, हे आपल्या उत्तरानंतर प्रथमच माझ्या लक्षात आले. त्यांच्या शाळेच्या दाखल्याची प्रत मिळते का ते सोमवारी पाहतो.