उजव्या वाय मोटरचा ड्रायव्हर दुसऱ्यांदा गेला, तिसरा लावायची हिंमत होत नाही

लाकूडभुसा
मंडळी, घरीच जुळवलेला सीएनसी राउटर आहे, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कोरणारं मशीन. आर्डुइनो उनो हा कंट्रोलर बोर्ड, त्यात मशीन चालवणारं जीआरबीएल सॉफ्टवेअर, वर ड्रायव्हर बसवायची सीएनसी शील्ड आणि मोटरला करंट देणारे छोटे ए४९८८ ड्रायव्हर बोर्ड. सप्लाय २४ व्होल्टचा. गॅन्ट्री, म्हणजे वरचा आडवा पूल, बेल्टवर चालते, म्हणून वायला (पुढे-मागे दिशेला) दोन मोटरी, दोन्ही गॅन्ट्रीच्या पायांवर. डावी वायच्या सॉकेटवर, उजवी एच्या, म्हणजे चौथ्या जादा सॉकेटवर. जंपर लावून ए वायचीच नक्कल करतो.

गेल्या आठवड्यात अक्षरं कोरताना उजवी बाजू मधेच जागच्या जागी थरथरायला लागली आणि डावी आपली पुढे निघाली. स्विचपर्यंत हात जाईतो गॅन्ट्री तिरकी, आणि ‘ळ’चा पार नांगर झालेला. ड्रायव्हर बदलला, दोन दिवस सुरळीत. काल पुन्हा तेच, पुन्हा उजवीच.

करंट जास्त नाही. ड्रायव्हरवरचे रेझिस्टर आर१०० (०.१ ओहम) आहेत, करंटची मर्यादा ठरवणारा व्हीरेफ ०.८ व्होल्ट, म्हणजे १ अँपिअर. हीटसिंक आहे, पंखा आहे. उजव्या मोटरचा प्लग शील्डवर काढून वायच्या चांगल्या ड्रायव्हरवर लावला, तर पाच मिनिटं छान फिरली. म्हणजे मोटर आणि केबल ठीक. मग शील्डचं सॉकेटच खराब असणार ना? माझ्याकडे आता एकच ड्रायव्हर शिल्लक आहे.

स्पिंडलवेडा
शील्डचा नाद सोडा आणि सरळ टीबी६६०० हा मोठा, सुटा ड्रायव्हर लावा. ए४९८८ प्रिंटरला ठीक, राउटरला नाही. एक विचारतो, राग मानू नका: ड्रायव्हर उलटा तर बसवला नव्हता? डीआरव्ही८८२५ या तशाच दुसऱ्या ड्रायव्हरची सवय असेल तर पोटेन्शिओमीटर (पॉट, करंट जुळवायचा छोटा स्क्रू) बघून बसवताना हमखास गफलत होते, त्याचा पॉट विरुद्ध टोकाला असतो.

लाकूडभुसा
उलटा बसवला असता तर दोन दिवस चालला नसता हो. पिनांची नावं वाचूनच बसवतो.

जुना फिटर
थांबा, तिसरा लावू नका. आधीचे दोन कशाने गेले ते कळल्याशिवाय हाही जाईल, मग तो ए४९८८ असो की टीबी६६००.

डावी आणि उजवी मोटर एकाच स्टेप सिग्नलवर चालतात. डावी नीट चालते आहे, म्हणजे आर्डुइनो, जीआरबीएल आणि सप्लाय यांना तूर्त बाजूला ठेवा. उरतं काय? सॉकेट, केबल, मोटर. सॉकेटवर माझा संशय कमीच आहे, कारण वाईट सॉकेटवर नवा ड्रायव्हर दोन दिवस नीट चालून मग जात नाही. तुमची पाच मिनिटांची चाचणी गॅन्ट्री कुठे असताना केली? पुढच्या टोकाला, हाताशी, हो ना? तिथे केबलला जेवढा वाक पडतो तेवढाच तुम्ही तपासलात.

मेलेले दोन्ही ड्रायव्हर टाकले नसतील तर मीटर डायोडवर ठेवा. बोर्ड सुटा, पॉवर नाही. लाल प्रोब ग्राउंडला, काळी पाळीपाळीने २बी, २ए, १ए, १बी या चार पिनांना. चांगल्या बोर्डावर चारही ठिकाणी साधारण ०.५ च्या आसपास आकडा येतो. फुटलेल्या ठिकाणी शून्याजवळ, नाहीतर काहीच नाही. दोन्ही बोर्डांवर एकच पिन मेलेली निघाली तर अर्धं काम झालं.

मग केबल. इथे बहुतेक जण फसतात. मोटर जोडलेली ठेवून गॅन्ट्री हाताने ढकलली की मोटर जनरेटर होते आणि मीटर वाटेल ते आकडे दाखवतो. म्हणून मोटरकडचा प्लग काढा, तिथे मोटरमधल्या एका कॉइलच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाका, शील्डकडच्या टोकाला मीटर बीपवर लावा आणि गॅन्ट्री टोकापासून टोकापर्यंत अगदी सावकाश न्या. डोळे मीटरवर नकोत, कान हवेत. दोन्ही जोड्या, दोन्ही दिशांनी. दोन्ही मोटरींचे प्लग काढा, नाहीतर ढकलताना दुसरी मोटर ड्रायव्हरमध्ये उलटा व्होल्टेज घालेल.

चालू करंट असताना तार क्षणभर सुटली की कॉइलमधली ऊर्जा व्होल्टेजचा झटका होऊन ड्रायव्हरवर आपटते. चिपमध्ये तापण्यापासून आणि शॉर्टपासून बचाव आहे, या झटक्यापासून नाही. चालू मशीनवर मोटरचा प्लग काढू नये म्हणतात ते याच कारणाने. तुमची केबल तो प्लग रोज आपसूक काढत असेल.

लाकूडभुसा
फिटरकाका, सापडलं!

दोन्ही मेलेल्या बोर्डांवर १बी शून्य, बाकी तीन पिना ०.५ च्या घरात. ते बघूनच अंगावर काटा आला. मग केबल. पहिली जोडी सलग बीप. दुसरी जोडी लावली, गॅन्ट्री मागे नेत होतो, दोन तृतीयांश अंतरावर बीप तुटला. एखादा टिचकी मारतो तेवढाच वेळ. तीन सेंटिमीटर पुढे गेल्यावर पुन्हा चालू. परत येताना तिथेच पुन्हा तुटला.

केबल चेन, म्हणजे केबल सांभाळणारी प्लास्टिकची साखळी, उघडली. बाहेरून केबल अगदी नवीकोरी. तिथे तार दोन बोटांत धरून वाकवली तर मधे मऊ लागली, दोरी वाकावी तशी. प्लास्टिक सोललं, आत तांब्याची दोन टोकं एकमेकांना टेकून बसलेली.

आता कबुली. उजवी बाजू लांब पडते म्हणून मी जुन्या नेटवर्क केबलचा तुकडा जोडला होता. आतली तार एकेरी, भरीव. भिंतीत वर्षानुवर्षं टिकते, पण चेनमध्ये रोज हजार वेळा वाकली तर कशी टिकेल? पाच मिनिटांच्या चाचणीवर मी छातीठोकपणे ‘केबल ठीक’ लिहिलं होतं, ते वाचून आता हसू येतंय.

मोटरपासून शील्डपर्यंत अखंड, बारीक धाग्यांची चार तारांची केबल टाकली. चेनमध्ये एकही जोड ठेवला नाही. शिल्लक ड्रायव्हर त्याच ‘खराब’ सॉकेटवर लावला. काल तीन तास सलग काम केलं, गॅन्ट्री काटकोनात आहे.

स्पिंडलवेडा
टीबी६६०० चा सल्ला मागे घेतो. तसं लावलं असतं तर तोही गेला असता.

जुना फिटर
छान. एक्सची, म्हणजे आडव्या दिशेच्या मोटरची केबलही त्याच चेनमधून जाते ना? ती कशाची आहे?

लाकूडभुसा
…त्याच तुकड्यातली. आलोच.