हळदीच्या विक्रीचे संकेतस्थळ स्वतः तयार केले आहे. त्यात काय सुधारावे?

प्रश्न (समुद्रपूर तालुका, जि. वर्धा):
नमस्कार. आमच्या महिला बचत गटाची वायगावी हळद विकण्यासाठी मी एका मोफत साधनाच्या आधारे स्वतःच संकेतस्थळ तयार केले आहे. लॅपटॉपवर ते नीट दिसते. परंतु गावात मोबाइलवर उघडण्यास फार वेळ लागतो, आणि डीटीपी केंद्रातून करून घेतलेल्या पत्रकातला मजकूर तिथे चिकटवला की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे उमटतात. पहिल्या पानावर सरकती छायाचित्रे, गटाची वाटचाल आणि सर्व सदस्यांची ओळख आहे. यातले काय ठेवावे?

उत्तर (यवतमाळ):
ताई, आधी अक्षरांचे पाहू. पत्रकासाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात, त्यामुळे ज्या मोबाइलमध्ये तो फॉन्ट नाही तिथे मूळची इंग्रजी अक्षरेच दिसतात आणि गूगलवर 'वायगाव हळद' असे शोधणाऱ्यालाही आपले पान सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरावीक संकेत असलेल्या पद्धतीत, पुन्हा टंकित करावा. परिवर्तक (जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे साधन) वापरलात, तर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे एकेक करून तपासावीत, कारण चुका नेमक्या तिथेच राहतात.

फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्यावा. दोन्ही मोफत आहेत. अक्षर 16 पिक्सेलपेक्षा लहान नसावे आणि ओळींची उंची अक्षराच्या दीडपटीहून थोडी अधिक असावी, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना टेकतात. शीर्षक उठून दिसावे म्हणून अक्षरांमधले अंतर मात्र कधीही वाढवू नये; इंग्रजीत ते खपते, मराठीत शिरोरेखा तुटते आणि शब्द विस्कटतो. पिवळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरेही टाळावीत. हळदीचा रंग म्हणून तो मोह होतो, पण उन्हात उभे राहून मोबाइल पाहणाऱ्याला त्यातले काहीच वाचता येत नाही.

उत्तर (वरूड, जि. अमरावती):
मी संत्र्यांच्या विक्रीसाठी असेच पान केले होते. भाव तिसऱ्या पानावर होता, आणि जवळजवळ प्रत्येक ग्राहक फोन करून भावच विचारत असे. तो पहिल्या पानावर आणल्यावर लोक थेट मागणी नोंदवू लागले. पडदा न सरकवता हळदीचे नाव, वजन, दर आणि फोन लावण्याचे मोठे बटण दिसले पाहिजे. त्याखाली पोहोचवण्याचा खर्च आणि अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक द्यावा, कारण अनोळखी माणसाकडून खाण्याची वस्तू घेताना ग्राहक तो शोधतो.

सरकती छायाचित्रे काढून टाकावीत. मोबाइलने काढलेले छायाचित्र बहुधा 3-4 एमबीचे असते. त्याची रुंदी सुमारे 1200 पिक्सेल करून ते वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात साठवले, तर ते साधारणपणे 200 केबीच्या आत बसते. तपासणी घरच्या वायफायवर न करता शेतात, जिथे सिग्नलची एखादीच काडी असते तिथे, गटातल्याच एखाद्या साध्या मोबाइलवर करावी.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. मजकूर युनिकोडमध्ये आणण्यास आजच सुरुवात करते. सदस्यांची ओळख काढताना मात्र जीव तुटतो, कारण हळद शिजवण्यापासून दळण्यापर्यंतचे सारे कष्ट त्यांचे आहेत.

उत्तर (यवतमाळ):
ताई, ती काढू नका, 'आमच्याविषयी' या वेगळ्या पानावर हलवा. पहिल्या पानावर हळद शिजवताना किंवा वाळवताना सर्वजणी दिसतील असे एकच छायाचित्र, त्यांच्या संमतीने, ठेवा आणि त्याखाली दोन ओळींत गावाचे नाव व कामाची रीत लिहा. त्या छायाचित्राच्या पर्यायी मजकुरातही (चित्राला जोडून ठेवायचे वर्णन, इंग्रजीत alt text) तेच वर्णन द्या, म्हणजे चित्र उतरले नाही तरी तिथे काय आहे हे वाचता येते आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा मोबाइल ते वाचून दाखवतो.