खरं ओझं तालुक्यापासून गावापर्यंतचं

सरकार एवढे कोटी देतं, तरी गावातलं नेट महाग का, असं लोक विचारतात. मी घाटाखालच्या तीन गावांत इंटरनेटच्या जोडण्या देतो. घरापर्यंत वायर ओढणं एकदाच होतं, पण तालुक्यापासून गावापर्यंत बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहून नेण्याची क्षमता, आणायचं भाडं दर महिन्याला मोजावं लागतं, ग्राहक पन्नास असोत की पाचशे. त्यात जेसीबीने केबल तोडली की दुसरी वाटच नाही. गेल्या पावसाळ्यात छत्री धरून, बॅटरीच्या उजेडात स्प्लायसिंग, म्हणजे तुटलेल्या फायबरची जोडणी, केलंय. २०२३ मध्ये सुधारित भारतनेटला, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या सरकारी योजनेला, १,३९,५७९ कोटी मंजूर झाले, ग्रामपंचायती रिंगने, म्हणजे एका बाजूची केबल तुटली तरी दुसरी वाट राहील अशा, जोडायचं ठरलं. फार चांगलं झालं. पण त्यातल्या डार्क फायबरची, म्हणजे टाकून ठेवलेल्या पण न वापरलेल्या तंतूंची, एखादी जोडी आम्हाला परवडेल अशा भाड्याने मिळाली, तरच गावातला दर उतरेल.