मदत हवी आहे: मरियामातेची भक्ती कशी समजावून सांगावी?

माझी वहिनी प्रोटेस्टंट कुटुंबातून आमच्या कॅथलिक घरात आली आहे. ती वाद घालायला नाही, मनापासून प्रश्न विचारते. म्हणूनच तिला नीट उत्तरं मिळावीत असं फार वाटतं.

आराधना फक्त देवाची. मरियामातेला आणि संतांना आपण मान देतो, आपल्यासाठी प्रार्थना करा अशी विनंती करतो, इथपर्यंत तिला पटलं. 'नमो मरिया' या प्रार्थनेचा पहिला भाग लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला, देवदूताचं अभिवादन आणि अलीशिबेचे शब्द, हे दाखवल्यावर तर ती स्वतःहून रोझरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) बसली. (मला किती आनंद झाला!)

पण रोझरीची बहुतेक रहस्यं, म्हणजे ती म्हणताना मनन करायचे प्रसंग, येशूच्या जीवनातली असली, तरी गौरवाच्या रहस्यांतली शेवटची दोन तिने लगेच हेरली: मरियेचं स्वर्गात घेतलं जाणं (स्वर्गोन्नयन) आणि तिचा राज्याभिषेक. हे बायबलमध्ये कुठे आहे? आणि स्वर्गोन्नयनाचा सिद्धांत १९५० साली जाहीर झाला, तर मग त्याआधी काय होतं?

स्वर्गोन्नयनाचा सण त्याआधी कित्येक शतकं साजरा होत होता, पोप बारावे पायस यांनी जुन्याच श्रद्धेची अधिकृत घोषणा केली, हे मला ठाऊक आहे. पण पवित्र परंपरा (चर्चने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली शिकवण) आणि पवित्र शास्त्र (बायबल) यांचं नातं, फक्त बायबल मानणाऱ्या माणसाला, न दुखावता कसं सांगायचं? सूर्य पांघरलेल्या स्त्रीचं वर्णन असलेल्या, बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायापासून सुरुवात करावी का?

धर्मशिक्षण देणाऱ्यांनी किंवा स्वतः प्रोटेस्टंट घरातून आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. पापनिवेदनाबद्दलही (धर्मगुरूंपुढे पापं कबूल करण्याबद्दलही) ती विचारणार आहे. तिथे योहान २०:२३, म्हणजे येशू शिष्यांना पापक्षमेचा अधिकार देतो ते वचन, पुरेसं होईल का?