हातांना पुरळ, खाज थांबत नाहीये, काय लावू? (अर्जंट)

चाकरमानी_८८: गावी चार दिवस जाऊन आलो, परसात गवत माजलं होतं ते उपटलं. आता दोन्ही हातांना पुरळ, बोटांच्या बेचक्यात पाण्याचे बारीक फोड आणि खाज तर विचारू नका, काल रात्री तीनला उठून नळाखाली हात धरून बसलो होतो. गुरुवारी ऑफिसात प्रेझेंटेशन आहे. काय लावू तेवढं सांगा, डॉक्टरकडे जा असं नको, ते मलाही कळतं.

रानवाटा: कुठलं गाव, कुठलं गवत, कधी उपटलं? काहीच लिहिलं नाहीस.

घाटावरचा: गाजर गवत. शंभर टक्के. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलं, अमेरिकेच्या गव्हातून आलं म्हणतात, आणि आता देशभर. आमच्या काकांच्या पापण्या आणि मान दरवर्षी काळवंडते, शेत सोडून मुलाकडे राहायला आले बिचारे.

माहेरचीसाडी: कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने अंघोळ करा, आमच्याकडे सगळ्याला हेच.

रानवाटा: @घाटावरचा, गाजर गवताने बहुतेक चेहरा, मान, कोपराची घडी धरते, याची फक्त बोटं दिसतायत. आणि खाजकुइली असती तर तिथल्या तिथे नाचला असता. फोटो टाक रे.

चाकरमानी_८८: राजापूरकडचं गाव. गवत शुक्रवारी उपटलं, पुरळ सोमवारी. फोटो टाकलाय, बोटांवरचे काळे डाग चिकाचे आहेत, निघत नाहीयेत, तिकडे लक्ष देऊ नका.

परसबाग: थांबा. कसला चीक??

चाकरमानी_८८: ओले काजूगर हो. शनिवारी आईबरोबर शंभरेक बिया सोलल्या. लहानपणी दरवर्षी सोलायचो, कधी काही झालं नाही.

परसबाग: मग गवताला कशाला शिव्या घालताय! हाताला राख लावली होती का?

चाकरमानी_८८: नाही. मध्ये मध्ये फोन बघायचा होता.

परसबाग: 🤦

त्वचा_आणि_बरंच: काजूच्या टरफलातलं तेल, बिब्बा, आंब्याचा चीक, सगळे एकाच कुळातले. आधी झालं नाही म्हणून आता होणार नाही असं नसतं, ॲलर्जी कधीही सुरू होते आणि पुरळ दीड-दोन दिवसांनी उमटतं, म्हणून तुम्हाला शनिवार आठवला नाही. फोडातल्या पाण्याने ते पसरत नाही, पण चीक नखांत, विळीवर, तुमच्या त्या फोनच्या कव्हरवर राहिला असेल तर पुन्हा लागतो, सगळं साबणाने धुवा. थंड पाण्याच्या पट्ट्या, कॅलामाईन. स्टिरॉइडची ट्यूब मनाने लावू नका. डोळे सुजले, पू झाला किंवा ताप आला तर मात्र तुम्हाला नको असलेलाच सल्ला.

आजोळ: बिब्बा उतला की आमची आजी खोबरं आणि तीळ वाटून लेप द्यायची, दोन दिवसांत गार.

त्वचा_आणि_बरंच: फुटलेल्या फोडांवर नको प्लीज.

आजोळ: आजी ब्याण्णव वर्षं जगली, बाकी तुमची मर्जी.

घाटावरचा: तरी गाजर गवत हातमोज्यांशिवाय उपटू नये एवढंच म्हणणं आहे.

खवय्या_पुणेकर: पुण्यात ओले काजूगर कुठे मिळतील? सोललेले हवेत. शेकडा काय भाव पडतो?

चाकरमानी_८८: आईला फोन केला. म्हणाली राखेची वाटी तुझ्यासमोरच ठेवली होती.