कपातीनंतर गिरणीत उरलेल्यांचं काय?

पाळीवाला (यवतमाळ जिल्हा): आमच्या भागातल्या सूतगिरणीत दिवाळीनंतर कपात झाली. गेलेल्यांची चर्चा गावभर झाली, व्हायलाच हवी. पण आत राहिलेल्यांकडे कोणाचं लक्ष नाही. रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर, दोघी होत्या तिथे आता एकच बाई. एक धागा जोडेस्तोवर पलीकडे चार तुटलेले असतात, आणि पाळी सुटताना सुपरवायझर विचारतो, उत्पादन का घसरलं? परवा चहा-बिस्किटं देऊन 'आपण एक कुटुंब' म्हणून भाषण झालं. भाषण नको. पुढे कपात आहे की नाही, ते फलकावर लावा. जादा तासांचा पगार दुप्पट दराने द्या, १९४८ च्या कारखाना कायद्यातही तसं होतं, २०२० च्या कामगार सुरक्षेच्या संहितेतही आहे.

हिशेबी: गिरणी चालली तर पगार. सुताला उठाव नाही, वीजबिल थांबत नाही. 'पुढे कपात नाही' असं लिहून देणारा व्यवस्थापक खोटं बोलतोय समजा. आणि मदत आधी घरी बसलेल्याला की हाती नोकरी असलेल्याला? मी म्हणेन, घरी बसलेल्याला.

वर्धेवाली: काहून भाऊ, आमाले काय त्रास नाही? माही जाऊ कपातीत गेली, मी राहिली. एका चुलीवर सैपाक करतो, पण पगाराच्या दिवशी घरात कोणी बोलत नाही. वेचणी संपली की गावात दुसरं काम नाही, म्हणून ताप असला तरी मी सुट्टी मागत नाही. पुढचं नाव माहं असंन, ही धास्ती हाय.

पाळीवाला: ताई, हेच म्हणतोय मी. हिशेबीभाऊ, कायमची हमी कोणी मागत नाही. तीन महिन्यांचं तरी सांगा. आणि एकाला दुप्पट दराने राबवण्यापेक्षा काढलेला एक माणूस परत घेतला तर तेवढ्याच तासांना निम्मा पैसा लागतो. पुन्हा भरती करताना काढलेल्यांना आधी बोलवायचं, हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही होतं, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे.

हिशेबी: परत घ्यायचं पटतं, पण ऑर्डर आल्यावर. माणूस घेतला की पगार महिन्याचा, काम मात्र आठ दिवसांचं.

वर्धेवाली: मंग ऑर्डर येईस्तोवर एका बाईले एकाच बाईच्या फ्रेमा द्या. उत्पादन कमी झालं तं साहेबानं विचारू नये.